वेताच्या खुर्चीतला हुंकार

१

शनिवारी मी उशिरापर्यंत झोपतो. गोरेगावच्या स्टुडिओत सेटच्या भिंती रंगवणं हे माझं काम. नव्या कोऱ्या प्लायवूडला ओल, धूर, तेलाचे हात लावून पन्नास वर्षांचं म्हातारपण आणायचं, हे आठवडाभर करायचं आणि शनिवारी चारकोपच्या घरी दहा वाजेपर्यंत आडवं पडायचं. हा नियम मोडायला लग्न, मयत किंवा कल्पिता लागते. त्या शनिवारी कल्पिता होती.

"नऊची बोट पकडायचीय," ती म्हणाली. "ब्रश घे तुझे. आणि तिथे येऊन तोंड वाकडं करायचं नाही, कळलं?"

तिथे म्हणजे गोराईला. चित्रं काढणाऱ्या आणि गोष्टी सांगणाऱ्या ख्रिस्ती मंडळींचं दोन दिवसांचं शिबिर होतं. मी ख्रिस्ती आहे, रंगारी आहे, तरी शिबिरं मला सोसत नाहीत. माणसं गोल बसतात, डोळे मिटतात, मग कोणीतरी रडायला लागतं आणि शेजारच्यानं काय करायचं ते मला कधी कळलेलं नाही. आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. उभं राहायचं आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण चर्चमध्ये मी एकदाही साक्षीला उभा राहिलो नव्हतो. माझ्या वाटचं कल्पिताच बोलायची.

आणि काय बोलायची! चर्चच्या संडेस्कूलमध्ये तिचा वर्ग सुटला तरी पोरं उठायची नाहीत. पण दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि तिच्या गोष्टी बंद झाल्या. संडेस्कूल सोडलं. घरीसुद्धा सांगेना. आमची दिशा नऊ वर्षांची, ती रात्री मोबाईलवर कुठल्यातरी अनोळखी बाईच्या गोष्टी लावून झोपायची आणि कल्पिता स्वयंपाकघरात उगाच ओटा पुसत राहायची. मला ते बघवत नव्हतं. या शिबिराचा फॉर्म तिनं स्वतःहून भरला, म्हणून मी मुकाट्यानं ब्रश बांधले. दिशाला माझ्या आईकडे सोडलं आणि आम्ही निघालो.

२

शिबिराचा बंगला गावाच्या टोकाला होता. कोणा ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबाचा, आता शनिवार-रविवार भाड्यानं देतात. लाल कोब्याचा मोठा हॉल, पूर्वेला तीन खिडक्या. आम्ही अकराजण होतो. शिबिर चालवणारे जयवंत सर मुलुंडच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. अजूनही समोरच्याच्या हातात खडू आहे असं समजून बोलायचे. घाटकोपरचे रतनकाका बँकेतले, कविता करणारे. अंधेरीची नमिता कार्टूनच्या स्टुडिओत काम करणारी, तिनं सगळ्यांची परवानगी घेऊन मधोमध रेकॉर्डिंगला फोन ठेवला होता.

भिंतीशी एक वेताची खुर्ची रिकामी ठेवलेली होती. ती प्रभूची. आमच्या बऱ्याच घरांत जेवणाच्या टेबलावर एक पाटी टांगलेली असते, की प्रभू या घरात आहे, दिसत नाही पण आपल्यासोबत जेवतो, आपलं बोलणं गुपचूप ऐकतो. सरांनी त्या पाटीचीच खुर्ची केली होती.

"इथे एकच नियम," सर म्हणाले. "गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा नाही. 'हं', 'अच्छा', 'मग?', काही नाही. आपण मुंबईची माणसं ऐकतानासुद्धा बोलतो. दोन दिवस नुसतं ऐकू या. तो ऐकतो तसं." त्यांनी खुर्चीकडे हात केला.

पहिली गोष्ट कल्पितानं सांगितली. बायबलमधल्या याईराच्या मुलीची. बारा वर्षांची मुलगी मरून पडलीये, घरात रडारड चाललीये, येशू येतो, म्हणतो ती झोपलीये, लोक हसतात, तो सगळ्यांना बाहेर घालवतो आणि मुलीचा हात धरून म्हणतो, मुली, ऊठ. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट. कल्पिताचा आवाज आधी दोन वर्षं बंद ठेवलेल्या गाडीसारखा धक्के खात होता. मग ती म्हणाली, "आईनं मुलीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं."

"हं."

बारीक आवाज. तोंड मिटून, नाकातून काढलेला. पानात आणखी एक घावन वाढलं की जेवणारा मान वर न करता जसा 'हं' म्हणतो तसा.

सरांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली, मी नाही. तेवढ्यात परत आला, "हं," आणि यावेळी तर माझं तोंड सरांना समोर दिसत होतं. कल्पिताला मात्र त्याची अडचण वाटली नाही. उलट तिचा चेहरा फुलला. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार मिळाला की तो थांबत नाही. तिची आई घरी तिला असाच हुंकार द्यायची. ती हातवारे करायला लागली, रडणाऱ्या बायकांचे आवाज काढायला लागली, आणि प्रत्येक वाक्यानंतर, अगदी वेळेवर, "हं" येत राहिला.

गोष्ट संपली तेव्हा कोणी हललं नाही. रतनकाका खुर्चीच्या सगळ्यात जवळ बसले होते. त्यांचे डोळे भरले होते.

"तिकडून आला," ते म्हणाले. "त्या खुर्चीतून. मी ऐकला. तो ऐकतोय आपलं."

"आमेन," कोणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. मीही म्हणालो, कारण अकराजणांत गप्प राहिलेला लगेच दिसतो.

३

जेवण झाल्यावर चित्रांचा तास होता. सकाळी जी गोष्ट सांगितली तिचं चित्र काढायचं. जेवणाआधी कल्पितापाठोपाठ रतनकाकांनी त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली होती, नगरहून पायी मुंबईला कसे आले त्याची. त्यांनाही हुंकार मिळाला होता.

मी पाण्याचा डबा घेऊन कल्पिताशेजारी बसलो. तिचा कागद कोरा होता.

"काय काढू रे? मी काय सांगितलं होतं सकाळी?"

"याईराची मुलगी."

"कोण?"

मला वाटलं चेष्टा करतेय. मी म्हटलं, "मुली, ऊठ." ती माझ्याकडे बघत राहिली. भलत्या स्टेशनला उतरलेला माणूस पाट्या वाचतो तसं बघत होती. मग तिनं पिशवीतून बायबल काढलं, मी पान उघडून दिलं आणि तिनं ती गोष्ट सावकाश, बोट ठेवून वाचली.

"छान आहे," ती म्हणाली. "कुठून शोधलीस?"

ही गोष्ट तिनं संडेस्कूलमध्ये आठ वर्षं शिकवली होती. दिशाच्या पहिल्या नाटकात तिनं हीच बसवली होती आणि तिथला पलंग मी रंगवला होता. मी हसलो. थकली असेल. बोटीचं ऊन, दोन वर्षांनी पहिल्यांदा चारचौघांत बोलली, डोक्याला ताण येतो. माणूस स्टेजवरून उतरला की आपण काय बोललो ते त्याला आठवत नाही, असं मी नटांकडूनच ऐकलंय.

पलीकडे रतनकाकांनी कागदाला सुंदर वेलबुट्टीची चौकट काढली होती. आत काहीच नव्हतं.

"आजोबा कुठे, काका?"

"कोणाचे?" ते प्रसन्न हसले. "अरे, खरं सांगू? फार हलकं वाटतंय आज."

सर मागून येऊन उभे राहिले होते. "हेच तर पाहिजे," ते म्हणाले. "मन रिकामं व्हायला पाहिजे. मग त्यात तो येतो."

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. हातानं बनवलेली भुतं मी रोज बघतो. दिवसाला अमुक रुपये घेऊन मी त्यांच्या भिंती रंगवतो. त्यामुळे चार वाजता चहा झाल्यावर मी हॉलची नीट पाहणी केली. खुर्चीमागची भिंत ठोकली, भरीव होती. पाण्याचा पंप दुसऱ्या बाजूला. पाल नव्हती, पारव्यांचं घरटं नव्हतं, खिडकीची फट नव्हती. संध्याकाळच्या सत्रात मी मुद्दाम खुर्चीला खेटून जमिनीवर बसलो.

कल्पितानं स्वतःहून हात वर केला. आईची गोष्ट सांगते म्हणाली.

तिची आई, शकुताई, मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. नाईट करून यायची, पायांना सूज, तरी शनिवारी संध्याकाळी पलंगावर पाय लांब करून बसायची आणि कल्पिताला म्हणायची, सांग, उद्या पोरांना काय सांगणार आहेस. गोष्टीच्या मध्ये आईला डुलकी लागायची, पण झोपेतसुद्धा ती हुंकार द्यायची. कल्पिता हे सांगत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, होऊ दे, दोन वर्षांचं साठलेलं निघून जाऊ दे. बायकोला रडताना बघून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"हं."

माझ्या डाव्या कानाशी आला. खुर्चीच्या बैठकीच्या उंचीवरून नाही, थोडा वरून, बसलेल्या माणसाचं तोंड जिथे असेल तिथून. त्याचा श्वास कानाला लागला नाही. मी मान वळवली नाही. वळवायची होती, मानेला सांगितलंसुद्धा, पण मी समोर कल्पिताकडेच बघत राहिलो. दर हुंकाराला तिचं रडणं थोडं कमी होत होतं. आई शेवटचं काय बोलली ते सांगेपर्यंत गाल कोरडे झाले होते आणि शेवटचं वाक्य तिनं बोटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

"आमेन," सगळे म्हणाले.

तिच्या हातात आईचं घड्याळ असायचं, नर्सचं, मोठ्या सेकंदकाट्याचं. दोन वर्षांत तिनं ते आंघोळीपुरतं काढलं असेल. सत्र संपल्यावर मी तोंड धुवायला गेलो, तर ते बेसिनवर पडलेलं.

"अगं, घड्याळ विसरलीस."

"राहू दे ना. चिमटा बसतो त्याचा." ती आरशात केस सारखे करत होती. "आईचं आहे, जुनं झालंय."

मग तिनं दिशाला फोन लावला. "काय जेवलीस? आजीला त्रास देऊ नकोस हां. आणि ऐक, उद्या मम्मा सगळ्यांना तुझी गोष्ट सांगणार आहे. तू काचेच्या पेटीत होतीस ना, ती. हो, माझ्या बबड्याची." तिचा आवाज तोच होता, ऊबदार, लाडिक. मी बेसिनचा नळ धरून उभा राहिलो. उद्या ती दिशाची साक्ष देणार होती.

५

रविवारी सकाळी नाश्त्याआधी मी तिला विहिरीकडे घेऊन गेलो.

"घरी जाऊया."

"का?"

"आईची गोष्ट सांग मला."

"काल सांगितली ना."

"परत सांग."

तिनं तोंड उघडलं आणि थांबली. "नर्स होती. नाईट करायची." ती विहिरीत वाकून बघायला लागली. "दोन वर्षांपूर्वी गेली."

"अजून?"

"अजून काय? कृणाल, तू काय परीक्षा घेतोयस का माझी?"

मी सगळं सांगितलं. याईराची मुलगी, रतनकाकांची चौकट, घड्याळ. सांगताना माझं मलाच खुळ्यासारखं वाटत होतं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मग ती चिडली.

"दोन वर्षं तूच म्हणत होतास ना, कल्पिता, बास आता रडणं. झालं बास. आता तुला तेही नको? काल रात्री मी पहिल्यांदा गोळी न घेता झोपले. मला हलकं वाटतंय यार. मला बोलावंसं वाटतंय. आणि तुला खुर्चीची भीती वाटते!"

मी तसं म्हटलं होतं, अगदी त्याच शब्दांत, एकदा नाही, बरेचदा.

मी सरांकडे गेलो. म्हटलं, सर, आजच्या साक्षींना ती खुर्ची बाहेर ठेवू या. त्यांना लागलं ते. "प्रभूची जागा बाहेर?" एवढंच म्हणाले आणि चहाचा कप घेऊन आत गेले.

मग मी स्वतःच हॉलमध्ये शिरलो. कोणी नव्हतं. वेताची खुर्ची, चार किलोची असेल नसेल. स्टुडिओत अशा दोन-दोन मी एका हातानं उचलतो. मी पाठीला धरून उचलली. हलली नाही. दोन्ही हात लावले, बैठकीखाली हात घालून जोर केला. वेत खाली फुगलेला होता, आणि कोमट होता.

पाय कोब्यात रुतले असतील, मी स्वतःला सांगितलं. खाली वाकून बघता आलं असतं. मी बघितलं नाही, बाहेर आलो.

६

दहा वाजता साक्षी सुरू झाल्या. "एकची बोट आहे," सर म्हणाले. "जोडप्यांनी मिळून एकच साक्ष द्यायची, नाहीतर जेवायला चार वाजतील."

कल्पितानं ओढणी सारखी केली. ती उठणार हे मला कळलं आणि दुसरंही कळलं, की जोडप्याची एकच. मी उभा राहिलो.

हॉलमध्ये कुजबूज झाली. कल्पिता तोंडाला हात लावून माझ्याकडे बघत होती, तिचे डोळे चमकत होते. चौदा वर्षं ती वाट बघत होती याची. सकाळचं भांडण ती तिथल्या तिथे विसरली.

माझा बेत साधा होता. मी खोटं सांगणार होतो. आयुष्यभर नव्याचं जुनं करून लोकांना फसवलं, दहा मिनिटं या खुर्चीतल्याला फसवीन. साक्ष आमची होऊन जाईल आणि त्याच्या हाती प्लायवूड लागेल.

"जूनचा महिना होता," मी म्हणालो. "धो धो पाऊस. आम्ही वसईच्या हॉस्पिटलात..."

हुंकार आला नाही. पूर्वेचं ऊन खुर्चीवर पडलं होतं आणि तिच्या वेताच्या पाठीतून आरपार जाऊन भिंतीवर उजेडाची बारीक जाळी उमटली होती. मी तिच्याकडे बघून बोलत राहिलो. डॉक्टर म्हातारे होते म्हटलं. मुलगी जन्मतःच रडली म्हटलं.

"जून नाही रे, फेब्रुवारी!" कल्पिता हसत म्हणाली. "आणि वसई कुठून आली? कांदिवली. रडली पण नव्हती ती." सगळे हसले. मी पुढे रेटलं, अजून दोन खोट्या गोष्टी घातल्या, आणि ती उठलीच. "बस तू. याला काही आठवत नाही, सर. मी सांगते पहिल्यापासून."

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं श्वास घेतला. भिंतीवरची जाळी हळूहळू भरून येत होती. एकेक भोक बुजत होतं. अजून कोणी बसलं नव्हतं, बसत होतं.

"थांब," मी म्हणालो. "मला आठवतं. मला सगळं आठवतं. बस तू, कल्पिता."

यापुढचं मी नमिताच्या रेकॉर्डिंगवरून लिहितोय. तीनदा ऐकलं आणि उतरवून काढलं.

रेकॉर्डिंगमध्ये मी सांगतो की सातवा महिना होता. कल्पिता आयसीयूत होती, तिला आठ दिवस मुलगी दाखवली नव्हती. मी एका देवळाच्या सेटवर होतो, तिथून तसाच गेलो, हातांना शेंदरी रंग. नर्सनं मला बेसिनशी उभं केलं आणि कोपरापर्यंत घासायला लावलं, वीस मिनिटं, रंग निघेना, मी घासत होतो आणि नर्सला सांगत होतो की बाई, हा रंग आहे, घाण नाही. मग तिनं मला आत नेलं. काचेची पेटी. अकराशे ग्रॅमची मुलगी, कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा मोजाव्यात. पेटीला हात घालायला गोल भोक होतं. मी एक बोट आत घातलं. ती डोळे मिटून होती, आणि तिनं ते बोट धरलं. मी सांगतो की मी तिथे सव्वा तास वाकून उभा होतो, कंबर मोडली तरी बोट काढलं नाही, कारण मला वाटलं आपण काढलं की ती जाईल. एक्केचाळीस दिवस रोज गेलो. रोज वीस मिनिटं हात घासले. मी कधी प्रार्थना केली नाही, मी सांगतो, मी नुसतं मोठ्यानं म्हणायचो, दिशा, मी आलोय.

त्या रेकॉर्डिंगमध्ये हुंकार नाहीत. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबतो, नुसती शांतता असते, आणि मग घाईघाईनं पुढचं वाक्य येतं, कोणी हात पुढे केल्यासारखं. शेवटाकडे माझा आवाज सपाट होतो. अगदी शेवटी मागे कल्पिता रडतेय ते ऐकू येतं. मी रडत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये नसलेली एकच गोष्ट मला आठवते. भिंतीवर उजेडाची जाळी राहिली नव्हती. खुर्चीच्या जागी एक भरीव सावली होती, आणि मी शेवटचं वाक्य बोलत असताना ती पुढे झुकली. बहिरा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाशी कान नेतो तेवढी. मग ती उठली असावी, कारण जाळी परत उमटली आणि ऊन पहिल्यासारखं झालं.

"आमेन," सर म्हणाले.

७

बोटीवर कल्पितानं सगळा वेळ माझा हात धरून ठेवला होता. "एवढं लक्षात होतं तुझ्या? मला कधी बोलला नाहीस. मी आत होते, मला काहीच माहीत नव्हतं हे. एकदा तरी सांगायचंस ना रे."

"हो ना," मी म्हणालो. माझ्या कुठल्यातरी कामाची तारीफ चाललीये एवढं कळत होतं. मला हलकं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वारा छान होता. मी तिला विचारलं, "दिशाचा वाढदिवस कधी असतो?" ती म्हणाली, "झालं तुझं सुरू?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. तिचं दिशाचं सगळं शाबूत होतं. मला तेच हवं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. का हवं होतं, ते शोधत मी खाडीकडे बघत बसलो आणि पलीकडचा धक्का आला.

चारकोपला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. दार आईनं उघडलं. आतून एक मुलगी धावत आली, दोन वेण्या, एकाच पायात मोजा. ती दिशा आहे हे मला माहीत होतं. शाळेचं नाव माहीत होतं, इयत्ता माहीत होती. दोन्ही हात पसरून ती सरळ माझ्यावर आली आणि मी बाजूला सरकलो. बिल्डिंगमधलं कोणाचं पोर खेळत आलं की आपण जिन्यात सरकतो, तसा. मला वाटलं, तिला बाहेर जायचंय.

ती माझ्या बाजूनं पॅसेजमध्ये गेली आणि समोरच्या दारावर आपटता आपटता थांबली. "पप्पा, चीटिंग!" ती खिदळली. तिला वाटलं मी खेळतोय. ती परत धावत आली.

या वेळी काय करायचं असतं ते मला समजलं. मी वाकलो आणि तिला उचललं. नऊ वर्षांची मुलगी, चांगली जड होती. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि पाय माझ्या कंबरेला आवळले. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी तिला नीट धरलं, पडू नये म्हणून. आई हसत होती, कल्पिता बॅग घेऊन मागे उभी होती, तीही हसत होती. तिघी कशाची तरी वाट बघत होत्या, आणि माझे हात भरून यायला लागले होते.

"हिला कुठे ठेवू?" मी कल्पिताला विचारलं.